आकडा किती आला?

सकाळचे साडेपाच. साताऱ्यातल्या एका शाळेच्या फाटकाबाहेर माणसांच्या आधी चपलांची रांग लागली आहे. एक चप्पल, मग एक वीट, मग पाण्याची निळी बाटली, मग दगडाखाली दाबलेली आधार कार्डाची झेरॉक्स. मालक पलीकडे बंद दुकानांच्या पायऱ्यांवर बसलेत. अजिंक्यताऱ्याच्या माथ्यावर अजून ऊन आलेलं नाही. मे २०२१ चा पहिला आठवडा आहे आणि आज इथे लस मिळेल असं काल रात्री मोबाइलवर फिरत होतं. किती मिळेल, कुणाला मिळेल, ते कुणालाच माहीत नाही.

"निळी बाटली माझी," एक काका येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. कुणी विचारलेलं नसतं. त्यांना दुसरा डोस घ्यायचाय. काकू घरी आहेत, त्यांचाही दुसराच राहिलाय. काका खिशातून पहिल्या डोसाचा कागद काढतात, तारीख बघतात, घडी घालतात, ठेवतात. पाच मिनिटांनी पुन्हा काढतात.

सहा वाजतात. गर्दी वाढते. फाटकापासून रस्त्याच्या वळणापर्यंत चुन्याने गोल काढलेत, सहा-सहा फुटांवर. सुरुवातीला माणसं गोलात उभी राहतात. मग आतून कुणीतरी कुलूप हलवल्याचा आवाज येतो आणि सगळी रांग एकदम पुढे सरकते. गोल मागे रिकामे राहतात. पुढे खांद्याला खांदा. हनुवटीवर उतरलेले मास्क घाईघाईने वर जातात, पण पाय मागे जात नाहीत. आजार माणसापासून येतो हे इथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी भीती वाटली की माणूस दाराजवळ, दुसऱ्या माणसाजवळ सरकतो. याला बेशिस्त म्हणणं सोपं आहे. मी इथे उभा आहे आणि माझेही पाय पुढेच जातायत.

"कुणीतरी दगड हलवला माझा," एक मावशी म्हणतात. "तिसरा होता. आता सातवा झाला."

"मावशी, कुणी न्हाई हलवला. मधी लोक आलं."

"मग लोकांनीच हलवला न्हवं?"

आवाज चढतात. दोघांनाही दगडाचं पडलेलं नाही. मावशींचा लेक पुण्यात आयसोलेशनमध्ये आहे, हे दहा मिनिटांनी कळतं. मगाशी ज्याच्याशी भांडल्या त्यालाच त्या ते सांगतात. तोही मग आपल्या भावाचं सांगतो. दोघं दगडाजवळच उभे राहून बोलत राहतात.

नऊच्या सुमाराला फाटकाचा एक झापा उघडतो. टेबल बाहेर येतं. टेबलाशी शाळेतलेच गुरुजी बसलेत. फळ्याचा खडू सोडून वर्षभर ते हेच करतायत: याद्या, सर्वेक्षण, चेकपोस्ट, आता टोकन. आज शंभरच डोस आलेत, असं ते उभं राहून मोठ्याने सांगतात. क्षणभर शांतता. मग प्रत्येकाची नजर आपल्यापुढची डोकी मोजते.

टोकन म्हणजे वहीच्या पानाचा चौकोनी तुकडा, वर शिक्का आणि लाल शाईत आकडा. तो हातात पडला की माणूस बदलतो. त्रेसष्ट नंबर मिळालेला तरुण कडुनिंबाखाली जाऊन बसतो, डबा उघडतो, शेजाऱ्याला चपाती देतो. चौऱ्याऐंशीवाल्या ताई घरी जाऊन स्वयंपाक करून येते म्हणतात. गोल पुन्हा भरतात, माणसं आपोआप लांब लांब उभी राहतात. अजून इंजेक्शन एकालाही मिळालेलं नाही, वाट पाहणंही कमी झालेलं नाही. फक्त किती वेळ पाहायची ते कळलंय. रांगांचा अभ्यास करणाऱ्यांनी १९८० च्या दशकातच लिहून ठेवलंय की अनिश्चित वाट ही ठरलेल्या वाटेपेक्षा लांब वाटते आणि चिंतेने ती आणखी ताणली जाते. इथे ते डोळ्यांना दिसतं.

टोकन न मिळालेले मात्र जात नाहीत. फाटकाची सळई धरून उभे राहतात. ऊन आता डोक्यावर यायला लागलंय.

आत वर्गात बाकं भिंतीला लावलीत. फळ्यावर मार्च २०२० ची तारीख अजून पुसट दिसते. सिस्टरच्या समोर थंड पेटी, पेटीत छोट्या कुप्या. एका कुपीत दहा डोस. झाकण टोचलं की चार तासांत ती संपवायची, उरलं ते फेकायचं. म्हणून दहा माणसं जमल्याशिवाय सिस्टर कुपीला हात लावत नाहीत. आत्ता बाकावर आठच आहेत.

"दोघं पाठवा," त्या दाराकडे बघून ओरडतात.

बाहेर दोनशे माणसं आहेत आणि आत दोन कमी पडतायत, कारण पुढच्या दोघांचं नाव संगणकावर सापडत नाही. नेट गेलंय. ऑपरेटर मुलगा मोबाइल खिडकीबाहेर धरतो. आठ जण पंख्याखाली बसून त्याच्या हाताकडे बघतात.

टोचल्यावर अर्धा तास थांबायचं. निरीक्षण कक्ष म्हणजे चौथीचा वर्ग. इथे कुणी बोलत नाही. प्रत्येकजण आपल्याच दंडाकडे लक्ष ठेवून असतो. एक आजी शेजारणीला हळूच विचारतात, "तुमास्नी गरगरल्यासारखं हुतंय का?" शेजारीण विचार करते. मग म्हणते, व्हय, जरासं. तिसरी कपाळाला हात लावते. दोन मिनिटांत पाच जणींना गरगरतंय. सिस्टर येतात, आजींचा हात हातात घेतात, विचारतात, "सकाळपासून खाल्लंय का काही?" कुणीच खाल्लेलं नसतं. बिस्किटं येतात. हे ढोंग नाही. लसीच्या चाचण्यांमध्ये ज्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचलं होतं, त्यांच्यापैकीही पहिल्या डोसनंतर सुमारे ३५ टक्के लोकांना डोकेदुखी, थकवा असा काहीतरी त्रास झाला होता. २०२२ मध्ये अशा चाचण्या एकत्र तपासल्यावर ते समोर आलं. धास्तावलेलं मन अंगातली प्रत्येक हालचाल ऐकतं. आणि जे ऐकू येतं ते खरंच असतं.

मी बाहेर पडतो तेव्हा निळ्या बाटलीचे काका टोकनचा तुकडा काकूंना व्हिडिओ कॉलवर दाखवतायत.

मंडईत पावणेअकरा वाजलेत. सात ते अकरा एवढीच मुभा, त्यामुळे दिवसभराची माणसं चार तासांत आलीत, आणि त्यातली निम्मी या शेवटच्या पंधरा मिनिटांत. राजवाड्याकडून येणारा रस्ता दुचाकींनी भरलाय. हातगाड्यांभोवती हात आणि पिशव्या. भाव कुणी करत नाही. लिंबं दिसली की उचलायची, मागच्याने उचलायच्या आत. अंड्यांचे ट्रे डोक्यांवरून जातात. किराणा दुकानासमोर दोरी बांधलीय, दोरीच्या अलीकडून लोक यादी वाचून दाखवतात: सुंठ, मिरी, ओवा, कापूर. ओवा-कापराची पुरचुंडी करून हुंगली की ऑक्सिजन वाढतो असं सगळीकडे पसरलंय. तो तसा वाढत नाही. पण घरात पडलेल्या माणसासाठी आपण काही करू शकतो, हे त्या पुरचुंडीत असतं, आणि म्हणून दुकानदार दर दोन मिनिटांनी कापूर तोलतोय.

कुणीतरी खोकतं.

गर्दी फाटते. एवढ्या दाटीत कुठून जागा आली कळत नाही, पण त्या माणसाभोवती हातभर रिकामं होतं. चाळिशीचा माणूस, हातात मेथीची जुडी. तो मास्क घट्ट दाबून धरतो, डोळ्यांत पाणी, दुसरा हात उंच करून मिरचीच्या पोत्याकडे दाखवतो. "ठसका, ठसका लागला. मिरचीचा." पुन्हा ठसका येतो. तो गिळायचा प्रयत्न करतो. कुणी काही बोलत नाही, कुणी हसत नाही. तो पैसे देऊन, सुटे न घेता, खाली मान घालून निघून जातो. रिकामी जागा हळूहळू भरते. भाजीवाली मागून ओरडते, "आवं दादा, पैसं ऱ्हायलं!" तो वळत नाही.

अकराला शिट्ट्या. शटर कोसळल्यासारखी खाली येतात. पाच मिनिटांत रस्त्यावर नुसते कोबीचे पाले.

मी दक्षिणेला निघतो. महामार्गाला वाहनं कमी, रुग्णवाहिका जास्त. काही पुण्याकडे जातात, काही कराडकडे, काही मिरजेकडे. एकाच दिशेला जागा आहे असं नसतंच. कराडला कृष्णा-कोयनेचा संगम मागे पडतो, पाणी उन्हाळ्याचं, उथळ. जिल्ह्याची हद्द लागते त्याआधी मांडव, पत्र्याची पिंपं, दोन खुर्च्या. पासची प्रिंट दाखवायची. कुठून, कुठं, कशाला. तरुण पोलीस शिपाई मनगटाजवळ तापमापी बंदूक धरतो.

"सत्याण्णव पॉइंट चार," तो म्हणतो.

मागच्या गाडीतला माणूस खिडकीतून विचारतो, "माझं किती?" त्याला त्याचाही आकडा सांगितला जातो. तो मान हलवतो, काच वर करतो. चेहरा सैल पडलेला असतो.

महामार्ग सोडला की गावांच्या तोंडावर अजून मागच्या वर्षाच्या खुणा आहेत. बाभळीच्या वाळलेल्या फांद्या रस्त्याकडेला ओढून टाकल्यात. बाहेरच्यांना प्रवेश बंद, अशी पाटी, रंग उडालाय. २०२० च्या मे महिन्यात या फांद्या ताज्या होत्या. तेव्हा जावळी, पाटण, खटाव, माण या तालुक्यांतले मुंबईकर परतत होते. खानापूर, आटपाडीचे गलाईवाले परतत होते, सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पसरलेली घरंच्या घरं. यातल्याच कुणी देवळाच्या कळसाला पैसे दिलेले, यात्रेची वर्गणी दिलेली, शाळेला संगणक दिलेले. त्यांना त्याच शाळेत चौदा दिवस निजायला सांगितलं गेलं.

त्या शाळेच्या व्हरांड्यात मी आत्ता उभा आहे. यंदा इथे बाहेरून आलेले नाहीत, गावातलेच आहेत. ज्यांच्या घरी एकच खोली आहे ते. नऊ खाटा, प्रत्येक खाटेखाली चार्जरची वायर. कंपाउंडच्या भिंतीवर एक बाई डबा ठेवतात आणि दहा पावलं मागे जातात. आतून मुलगा येतो, डबा घेतो. दोघं तिथूनच बोलतात.

"वाफ घेतली का?"

"घेतली."

"ऑक्सिजन?"

"शहाण्णव."

"काल सत्त्याण्णव व्हता न्हवं?"

मुलगा काही बोलत नाही. बाई भिंतीकडे बघत उभ्या राहतात. एका आकड्याचा फरक आहे आणि वैद्यकाच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही. बोट गार असलं, नखावर मेंदी असली, हात हलला, तरी एवढा फरक पडतो. गावच्या आशा सेविका हे त्यांना समजावतात. सहा मिनिटं चालायला लावा, मग मोजा, चौऱ्याण्णवच्या खाली आलं तर मला फोन करा. बाई मान डोलावतात. मग विचारतात, "पण काल सत्त्याण्णव व्हता न्हवं?"

शाळेसमोरच्या घरात एक म्हातारी ओट्यावर बसलीय. तिच्या सासूने तिला सांगितलेलं ती सांगते. मानमोडीत एका घरातून दोन-दोन तिरड्या उठल्या. त्याच्या आधी गाठीचा रोग आला तेव्हा सगळा गाव रानात राहायला गेला, गावात कुत्रंसुद्धा नव्हतं. १८९६ ला मुंबईत शिरलेला प्लेग वर्षभरात या मुलखात पोचला होता, १९१८ मध्ये इन्फ्लुएंझा. तिला साल माहीत नाही. तिला एवढं माहीत आहे की तेव्हा सगळे एकदम बाहेर पडले, रानात खोपी शेजारी-शेजारी होत्या. "आता ज्येला हुतंय त्यो एकलाच जातू," ती म्हणते. "त्येचंच भ्या वाटतंय."

इस्लामपूर लागतं. दुकानं बंद, चौक मोकळा, उन्हात एक होमगार्ड छत्री धरून. राज्यभर हे नाव ज्या दिवसांत पसरलं ते दिवस मार्च २०२० मधले. २३ तारखेला परदेशातून परतलेल्या चौघांचे अहवाल पॉझिटिव्ह आले. आठवड्याभरात आकडा वीसच्या पुढे गेला. सगळा भाग सील झाला, घराघरात तपासणी झाली, संपर्कातली माणसं शोधून वेगळी ठेवली गेली आणि एप्रिलमध्ये त्यातले बहुतेक जण बरे होऊन घरी आले. हे चांगलं घडलं. त्याच आठवड्यांत दुसरंही घडत होतं. शहराचं नाव सांगितलं की समोरचा मागे सरकायचा. कुणी आणला, कुठून आणला, कुणाला भेटला, याच्या गोष्टी मोबाइलवर अहवालांपेक्षा वेगाने फिरायच्या. १९९० मध्ये एका ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने लिहिलं होतं की नव्या रोगाबरोबर आणखी तीन साथी येतात: भीतीची, मग हे कुणामुळे झालं ते ठरवण्याची, आणि मग काहीतरी करून टाकण्याची. तिन्ही जंतूसारख्याच माणसाकडून माणसाकडे वेगाने पसरतात आणि कुणालाही होतात. तो एड्सच्या काळात लिहीत होता. बाभळीच्या फांद्या, संशय, ओवा-कापूर: सकाळपासून मी तेच पाहतोय. फक्त माझ्याकडे त्यांना नाव नव्हतं.

आष्टा ओलांडून सांगलवाडी. मग आयर्विन पूल.

गाडी बाजूला घेऊन मी कठड्याशी उभा राहतो. खाली कृष्णा संथ आहे, घाटाच्या खालच्या पायऱ्याही उघड्या. पाण्याची पातळी दाखवणाऱ्या फुटांच्या खुणा दिसतात. सांगलीच्या माणसाला या खुणा पाठ असतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. पावसाळ्यात या शहरात कुणी कुणाला कसा आहेस विचारत नाही. किती फूट झालं, विचारतात. साताऱ्याकडे कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते कळलं की इथे पाणी केव्हा चढणार याचा हिशोब घराघरात मांडला जातो. अमुक फुटाला सूर्यवंशी प्लॉट, मग दत्तनगर, मग कुठला चौक. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि ते सगळे हिशोब बुडाले. तरी माणसं पुलाजवळ येऊन बघत होती. भय होतं, पण ते कुठे आहे ते दिसत होतं. कालची ओल कुठपर्यंत होती आणि आज कुठपर्यंत आहे, हे बोटाने दाखवता येत होतं.

एक सायकलवाले आजोबा थांबतात. मास्कच्या वर फक्त डोळे.

"पाणी न्हाई आता," ते म्हणतात. मी काय बघतोय ते त्यांना नेमकं कळलेलं असतं. "पुरात बरं हुतं एका अर्थी. दोन बोटं उतरलं की कळायचं, उतराय लागलंय. याचं काय कळत न्हाई. किती फूट आलंय म्हणायचं?"

मला उत्तर देता येत नाही. ते पेडल मारून निघून जातात.

हरभट रोड, कापडपेठ, सगळं बंद. पण बंद शटरच्या फटीतून, फोनवर, जिन्यातून, गच्चीवरून तेच चाललंय. किती निघाले आज? जिल्ह्याचे किती, राज्याचे किती? १८ एप्रिलला महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ रुग्ण नोंदले गेले. आता राज्याचा आकडा थोडा उतरायला लागलाय, पण देशाचा चढून रोज चार लाखांवर पोचलाय. हे आकडे फुटांसारखे नाहीत. त्यांच्यावरून आपल्या गल्लीचं काही ठरत नाही. तरी संध्याकाळी ते आल्याशिवाय घरं जेवायला बसत नाहीत.

मिरज. इथे एकाच रस्त्यावर इतकी हॉस्पिटलं आहेत की पूर्वी कर्नाटकातून आलेला शेतकरीसुद्धा नुसतं मिरज म्हणायचा, पुढचं नाव रिक्षावाल्याला सांगायचा. आज औषध दुकानांबाहेर जाड अक्षरांत लिहिलेले कागद चिकटवलेत: रेमडेसिविर मिळणार नाही. एप्रिलमध्येच इंजेक्शनच्या किमती उतरवून ८९९ ते ३४९० रुपयांच्या दरम्यान आणल्या गेल्या आणि पुरवठा प्रशासनामार्फत थेट हॉस्पिटलांना व्हायला लागला. दुकानात ते नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तरी रांग आहे. कागदाच्या खाली उभं राहून लोक विचारतात, आहे का?

"दादा, वाचलं न्हाई का?"

"वाचलं. तरी बघा की एकदा."

दुकानदार आत जातो, फ्रिजचं दार उघडतो, बंद करतो, बाहेर येऊन मान हलवतो. रिकामा फ्रिज त्याने दिवसभरात किती वेळा उघडला असेल कोण जाणे. नाही म्हणण्याआधी बघून येणं त्याने सोडलेलं नाही, हे मला त्याचं फार मोठं वाटतं.

हेच औषध सरसकट देऊ नये असं जागतिक पातळीवर नोव्हेंबर २०२० मध्येच सांगून झालंय. जीव वाचवल्याचा पुरावा नव्हता. पण हातात चिठ्ठी आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांच्या अक्षरात नाव आहे. आत बाप आहे. ज्याच्या हातात चिठ्ठी आहे त्याला पुराव्याबद्दल कुणी कसं सांगावं?

दुपार कलली. एका मोठ्या हॉस्पिटलच्या आवारात वडाच्या सावलीत सतरंज्या पसरल्यात. चटया, प्लास्टिकच्या कळशा, स्टीलचे डबे, उशाला घेतलेल्या पिशव्या. आत नातेवाइकांना सोडत नाहीत. प्रत्येक घरातलं एक माणूस इथे. जत, कवठेमहांकाळ, अथणी, कागवाड, कराड. मराठी आणि कन्नड एकाच सतरंजीवर. ओळख नावावरून होत नाही.

"तुमचा सीटीचा स्कोर किती?"

"पंचवीसात सतरा. तुमचा?"

"अकरा. पण ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी."

सतरावाला अकरावाल्याकडे बघतो, मग अठ्ठ्याऐंशी ऐकून नजर वळवतो. कुणाचा आकडा बरा, कुणाचा वाईट, हे ठरवता येत नाही आणि मग दोघं गप्प बसतात. थोड्या वेळाने अकरावाला त्याला चहा आणून देतो.

टेम्पो येतो. पाठीमागे ऑक्सिजनची जम्बो सिलिंडरं, एकमेकांवर आदळत. तो आवाज ऐकून वडाखालचं प्रत्येक माणूस उभं राहतं. कुणी काही म्हणत नाही, नुसती बोटं हलतात, मोजतायत. एका जम्बो सिलिंडरमध्ये सुमारे सात घनमीटर वायू. मिनिटाला पंधरा लिटरवर असलेल्या एका रुग्णाला तो आठ तास पुरत नाही. वडाखाली बसलेल्यांना हे गणित येतं. महिन्यापूर्वी येत नव्हतं. सिलिंडर उतरवणारी दोन पोरं घामाने निथळलीत. सतरंजीवरचे चौघं-पाच जण उठतात, हात लावतात. पहारेकरी आधी नको म्हणतो, मग बाजूला होतो. चाळीस मिनिटं कुणीही फोनकडे बघत नाही, आकडा विचारत नाही. शेवटचं सिलिंडर आत गेल्यावर एकजण तळहात पँटला पुसत म्हणतो, "अजून हाईत का?"

फाटकाशी मात्र दुपारपासून हुज्जत चालू आहे. आत गेलेल्याची खबर नाही. फोन लावला तर लागत नाही, लागला तर थांबा. एक तरुण पहारेकऱ्याच्या अंगावर जातो. त्याची आई कालपासून आत आहे. "जिवंत हाय का एवढं तरी सांगा," तो ओरडतो आणि त्याच्या आवाजाबरोबर वडाखालची सगळी माणसं फाटकाकडे सरकतात. पुन्हा तेच सरकणं, सकाळच्या शाळेसारखं, दाराकडे. पहारेकरी हात आडवे करतो. दोघांचेही मास्क खाली आलेत. मला वाटतं आता काहीतरी होणार.

दार उघडून एक सिस्टर बाहेर येते. तरुण आहे, पीपीई किट नुकतंच उतरवलंय, गालांवर चष्म्याचे वळ. हातात पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. ती ओरडत नाही. स्टुलावर चढते आणि म्हणते, रोज दोन वेळा मी इथे येऊन प्रत्येकाचं सांगणार. सकाळी अकरा, संध्याकाळी सहा. मधे कुणी आलं नाही तर समजा काही बिघडलेलं नाही; बिघडलं तर त्याच मिनिटाला फोन जाईल. तुमचे नंबर बरोबर आहेत का तेवढे बघून घ्या.

मग ती खाटेचे नंबर वाचायला लागते. खाट बारा, एक्क्याण्णव, कालपेक्षा दोन वर, दूध घेतलं. खाट तेरा, तशीच, मास्क काढू देत नाही आम्ही, त्यांना आवडत नाही पण ठेवलाय. खाट चौदा, पंच्याऐंशी, मुलगा कोण? डॉक्टर साडेसहाला बोलणार आहेत, इथेच थांबा. वाईट बातमीसुद्धा ती त्याच आवाजात, त्याच वेगाने सांगते. फरक एवढाच की त्या माणसाकडे बघून सांगते.

तरुणाची आई खाट एकोणीस. "ब्याण्णव," सिस्टर वाचते. "विचारत होत्या, पोरगं जेवलं का?"

तो फाटकाची सळई सोडतो. खिशातून पेन काढतो, तळहातावर ब्याण्णव लिहितो, खाली तारीख आणि सहा वाजता असं लिहितो. मग पहारेकऱ्याला विचारतो, जवळपास राइसप्लेट कुठे मिळेल. पहारेकरी म्हणतो, बंद हाय समदं, माझ्या डब्यात हाय, या.

सिस्टर स्टुलावरून उतरते. गर्दी पांगते, सतरंज्यांकडे जाते. कुणीतरी पुठ्ठ्याच्या दुसऱ्या तुकड्यावर खडूने मोठ्या अक्षरांत दोन्ही वेळा लिहून तो वडाला बांधतो, आणि खाली कन्नडमधूनही लिहितो. नव्याने आलेलं एक कुटुंब रिक्षातून उतरतं. बाई हातातली पिशवी खाली न ठेवताच विचारतात, आत कधी सोडतात, कोण सांगतं, कुणाला विचारायचं? अकरावाला उठतो, त्यांना सतरंजीवर जागा करून देतो आणि पाटीकडे बोट दाखवतो.

"बसा वहिनी. आता सकाळी अकराला."